बागेतलं लेसर सेलंडाइन मुळापासून कसं काढावं

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे मार्चअखेर ओढ्याकाठी आणि झाडांखाली चकचकीत पिवळ्या फुलांचा गालिचा दिसतो. तेच लेसर सेलंडाइन. युरोपात ते हक्काचं रानफूल, तिथे त्याच्याशी वैर नाही. अमेरिकेत मात्र ते बागेतून निसटलं आणि आता स्थानिक वसंतफुलं वर येण्याआधीच जागा अडवून बसतं.

आधी ओळख पक्की करा, कारण ओलसर जागेतलं मार्श मॅरिगोल्ड दिसायला तसंच असतं आणि ते अमेरिकेतलंच आहे. ते उपटायचं नाही. फूल उलटं करून पाहा. पाकळ्यांखाली तीन हिरवी निदलं असतील तर सेलंडाइन. मॅरिगोल्डला ती नसतात. तरी शंका असेल तर एक रोप खणा. मुळाशी बोटांसारख्या छोट्या कंदांचा झुबका हवाच.

हातमोजे घाला, ताज्या रोपाच्या रसाने कातडीची आग होते.

माती ओली असताना रोपाभोवती चार बोटं जागा सोडून खुरपं खोल घाला आणि मातीचा गड्डाच उचला. पानं धरून ओढलंत तर पानं हातात येतात, कंद खालीच राहतात. एक कंद राहिला तरी रोप परत येतं. गड्डा ताडपत्रीवर फोडा, माती चाळा. फुलं ओसरू लागली की पानांच्या बेचक्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या फिकट गाठी धरतात. त्या हात लागताच गळतात आणि प्रत्येकीचं नवं रोप होतं. म्हणून हे काम फुलं येण्याआधी किंवा नुकती येताना उरका. टिलर (माती उलथणारं यंत्र) अजिबात नको, तो कंद बागभर वाटतो. लॉन कापूनही उपयोग नाही, पानं जमिनीलगतच असतात.

काढलेलं सगळं पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. खुरपं आणि बुटांचे तळवे जागेवरच धुवा.

जागा मोठी असेल तर ग्लायफोसेट हे तणनाशक, तेही फुलं येण्याच्या सुमारास आणि लेबलवरच्या मात्रेतच. ते गवतालाही मारतं. ओढ्याकाठी तर पाण्याजवळ वापरायला परवानगी असलेलंच औषध घ्या.

जूनपर्यंत रोपं वाळून दिसेनाशी होतात. संपलं असं वाटतं, पण कंद खाली झोपलेले असतात. त्याआधीच जागेवर खुंट्या ठोका, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत कुठे खणायचं ते कळेल.