जुन्या चित्रांची जिगसॉ कोडी, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरं करायची कोडी, संग्रहासाठी कशी जमवावीत?

आधी एक विषय धरा: आगगाड्या, जहाजं, राज्याभिषेक किंवा नकाशे. मी नकाशे धरले, कारण जिगसॉ जन्मलंच नकाशातून. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकता यावा म्हणून.

आमच्या नागपुरात बर्डीवरचे जुने पुस्तकवाले, इतवारीतले भंगारवाले यांना सांगून ठेवा. महालातला एखादा वाडा रिकामा होतोय असं कळलं, तर त्याच दिवशी जाऊन माळ्यावरचं सामान बघू द्या म्हणावं. रद्दीवाला आधी पोचला तर डबा गेलाच.

डबा हाती आला की तुकडा उलटा करून पाहा. लाकडाच्या जुन्या कोड्यांत बरेचदा फक्त कडेचे तुकडे एकमेकांत अडकतात, मधले नुसते शेजारी बसतात. पुठ्ठ्याचे, साच्यानं कापलेले असतील तर ते बहुधा १९३० नंतरचे. तेव्हा स्वस्त कोड्यांची लाटच आली होती. डब्यावर चित्र नाही म्हणून सोडू नका, जुन्या कितीतरी डब्यांवर ते नसायचंच.

आता मोजणी. थाळीत दहा-दहाचे ढीग करा. पण आकड्यावर विसंबू नका. डब्यावर १००० लिहिलेलं असतं आणि आत ३८ गुणिले २७, म्हणजे १०२६ तुकडे निघू शकतात. मी एकदा इंजिनाचं कोडं बरोबर ५०० मोजून घेतलं. घरी रात्रभर बसून जुळवलं, तर धुराड्याच्या जागी भोक आणि हातात दुसऱ्याच कोड्यातला निळा तुकडा! तेव्हापासून जुळवून बघितल्याशिवाय पूर्ण किंमत देत नाही. विकणारा तयार नसेल, तर अपुरं समजूनच भाव करा.

धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. ओलं फडकं अजिबात नको, पुठ्ठा फुगतो आणि चित्राचा कागद सुटतो.

आपल्याकडे खरी काळजी उन्हाळ्यातच घ्यावी लागते. कूलर चालू झाला की खोली दमट होते, कागदाला बुरशी धरते, कसरही लागते. तुकडे सुती पिशवीत भरून डबा कूलर नसलेल्या खोलीतल्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. आणि कुठला तुकडा नाही ते चिठ्ठीवर लिहून डब्यातच टाका.