दुकानात पैसे परत मागायला जाण्याआधी

समजा, पुण्यातल्या तापकीर गल्लीतून घेतलेला हेडफोन आठवड्याच्या आत एका कानाने बंद पडला आणि दुकानदाराने भिंतीवरची पाटी दाखवली: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कॉलेजातली बरीच मुलं इथूनच माघारी फिरतात. पैसे बुडाले असं समजू नका. पुन्हा जा, पण तयारीने जा.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: वस्तूत दोष आहे, की आपलं मन बदललंय? रंग आवडला नाही, तसाच कुर्ता मैत्रिणीकडे निघाला, अशा कारणासाठी दुकानदाराने पैसे दिलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. तिथे दुकानाचा नियम चालतो. फार तर विनंती करता येते. शिवण उसवली, चार्जर भलताच तापतो, सांगितलं एक आणि निघालं दुसरंच, मग गोष्ट वेगळी. सदोष वस्तू परत घेऊन बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. पाटी लावली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. बिल न देणंही त्याच व्याख्येत बसतं.

म्हणून बिल शोधा आणि दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढा. मशीनच्या बिलावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात, आणि अटी बऱ्याचदा मागच्या बाजूला असतात. बिल मिळालंच नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि दुकानदाराशी व्हॉट्सअॅपवर झालेलं बोलणं जपून ठेवा. पैसे वडिलांच्या खात्यातून गेले असले तरी बिचकू नका; घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. दोष दिसेल असा व्हिडिओ काढा. खोका आणि टॅग टाकू नका, आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला वस्तू उघडू तर अजिबात देऊ नका. एकदा ती उघडली की ‘तुम्हीच बिघडवली’ म्हणायला दुकानदार मोकळा.

लक्ष्मी रोडवर शनिवारी संध्याकाळी तुमचं ऐकून घ्यायला कुणाला फुरसत नसते. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा, थेट मालकाशी किंवा मॅनेजरशी बोला. काउंटरवरचा मुलगा पगारावर असतो, निर्णय त्याच्या हातात नसतो. त्याच्यावर आवाज चढवणं मला अन्यायाचं वाटतं. काय हवंय ते एका वाक्यात ठरवून जा: ‘वस्तू सदोष आहे, पैसे परत हवेत.’ बदली वस्तू चालणार असेल तर तसं सांगा. क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेची खरेदी त्याच दुकानात करायची चिठ्ठी, पुढे केली तर ती घेण्याची सक्ती नाही, आणि न वाचता कशावरही सही करू नका. नकार मिळाला तर तो लेखी मागा. देत नसतील तर बाहेर पडल्या पडल्या तारीख, वेळ आणि झालेलं बोलणं दुकानाच्या नंबरवर मेसेज करा.

त्यानंतर १५ दिवसांची मुदत देणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पुष्कळ प्रकरणं इथवरच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. गाव साताऱ्याचं असलं तरी तुम्ही पुण्यात राहता, वस्तूही इथेच घेतलीत, त्यामुळे तक्रार पुण्यातच करता येते. मूळ बिल मात्र कुणाच्याही हातात सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या.