बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, झालीये पण क्लिनिकमध्ये मन रमत नाहीये? माझं कसं झालं ते सांगते

ऐरोलीत एका क्लिनिकमध्ये असिस्टंट होते, दिवसभर आरसीटी (रूट कॅनाल) आणि स्केलिंग (दात साफ करणं). एक दिवस एपीएमसीतला माथाडी दादा आला, तिखट खाल्लं की तोंड भाजतं म्हणाला, तोंड उघडायला सांगितलं तर त्याचीच दोन बोटंसुद्धा आत जाईनात. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जातं. कारण रोजचा सुपारी-तंबाखूचा मावा. खर्च विचारून गेला तो परत आलाच नाही आणि माझं मन तेव्हापासून खुर्चीपाशी लागेना.

क्लिनिक सोडून सार्वजनिक आरोग्यात जायचे रस्ते दोन. नीट-एमडीएस परीक्षा देऊन पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत तीन वर्षांचं एमडीएस, नाहीतर दोन वर्षांचं एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ). मी एमपीएच केलं. बाबा म्हणाले, एवढा पैसा घालून डॉक्टर केली ती शाळाशाळा फिरायला का? फिरलेच की. तंबाखूवरचा 2003 चा कायदा म्हणतो शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायचा नाही, म्हणजे साधारण 91 मीटर, तर तुर्भ्यात शाळेच्या गेटपासून आम्ही टेप धरून मोजत गेलो आणि 60 मीटरवरच टपरी. टपरीवाला म्हणाला, मॅडम, शाळा नंतर आली, मी आधीपासून आहे. याचं उत्तर एमपीएचला शिकवत नाहीत.

पैशाचं आधीच सांगते, सुरुवातीला बहुतेक जागा कंत्राटी असतात. माझा पहिला पगार अडीच महिन्यांनी झाला, तोवर शनिवार-रविवार क्लिनिक करूनच भागवलं. तुम्हीही हात एकदम सोडू नका.

आणि डेंटिस्टच का, तर 2016-17 च्या गॅट्स या तंबाखूवरच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात 26.6 टक्के मोठी माणसं तंबाखू वापरणारी निघाली आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे-लावणारे कितीतरी जास्त. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी, तरी मिळतो, सगळ्यांना माहितीये. हे सगळं तोंडातच दिसतं आणि तोंड बघायचं शिक्षण आपलंच.

फक्त प्रश्न विचारायला शिका. दिघ्याच्या कॅम्पमध्ये मी फॉर्मवरचा प्रश्न वाचायचे, तंबाखू खाता का, बायका एका सुरात नाही म्हणायच्या. आमच्या आशाताईंनी मला बाजूला घेतलं, म्हणाल्या असं नाही, दात कशाने घासता ते विचारा. पुढच्या मावशींना विचारलं, त्यांनी कमरेची चंची सोडून मिश्रीची डबी टेबलावर ठेवली, म्हणाल्या, ही तंबाखू थोडीच आहे, लग्नाच्या आधीपासून लावतेय.