बल्बाभोवतीचं पाखरू बोंडअळीचंच आहे का? असं ओळखा

कपाशीला पात्या-फुलं लागली की संध्याकाळी ओसरीतल्या बल्बाखाली बारीक पाखरं जमतात आणि गावात धसका बसतो: "बोंडअळीचं पाखरू आलं!" 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी पोखरली, म्हणून हा धसका खरा आहे. पण दिव्यावरचं प्रत्येक पाखरू तिचं नसतं. फवारणीचा पंप उचलण्याआधी पाच मिनिटं नीट पाहाच.

आधी किडा पारदर्शक बाटलीत धरा. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला की सुस्तावतो. भिंग नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो काढून मोठा करा.

पंख मोजा. बोंडअळीचं पाखरू म्हणजे पतंग, आणि पतंगाला चार पंख असतात. न्हाणीच्या ओल्या भिंतीवर बसणारी केसाळ माशी बारक्या पतंगासारखी दिसते, पण तिला दोनच.

आता पंखावरून हलकेच बोट फिरवा. पतंगाची धूळ बोटाला लागते. ती म्हणजे बारीक खवले. इथंच बरेच जण फसतात, कारण पांढऱ्या माशीच्या पंखांवरही पांढरी भुकटी असते. ती मेणाची असते. पांढरी माशी जेमतेम एक-दीड मिलिमीटरची, पानाच्या खालच्या बाजूला थव्यानं बसून रस शोषणारी. झाड हलवलं की भुर्रकन उडते. तिचा उपाय वेगळा, बोंडअळीचा वेगळा.

नदी-नाल्याजवळच्या गावांत आणखी एक किडा दिव्यावर येतो. पंख छपरासारखे मिटलेले, मिशा लांबलचक. त्याच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात आणि तोंडाशी गुंडाळलेली सोंड नसते. त्याची अळी पाण्यात वाढते, कपाशीशी तिचा संबंध नाही.

पतंगच निघाला, तर रंग पाहा. गुलाबी बोंडअळीचा पतंग करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर गडद डाग, मागच्या पंखांना केसांची झालर. झालर ज्वारीच्या कणग्यातून निघणाऱ्या पतंगालाही असते, दोघं एकाच कुळातले. पण तो फिका, गवती रंगाचा, आणि दाण्याला गोल भोक पाडून बाहेर येतो. घरात तो दिसला तर कणगी तपासा, शेत नव्हे.

तरीही खात्री होत नसेल तर दिव्यावर विसंबू नका. हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नराला ओढणारे सापळे, लावा. त्यात बोंडअळीचे नर पतंग येतात. रोज सकाळी मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार करायची वेळ आली.