अप्रेझल झालं, पाऊस यायचाय: या मधल्या दिवसांत मुंबईत नवी नोकरी कशी शोधायची

मे महिन्यात कुठे नोकरी शोधतोस, सगळे गावाला गेलेत, पाऊस पडला की बघ, असं घरातले सांगतात ना, ते या बाबतीत अजिबात ऐकू नका. प्रायव्हेट नोकरीसाठी एप्रिल ते अर्धा जून हाच खरा सीझन आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, १ एप्रिलपासून नवं बजेट सुरू होतं, नव्या जागा मंजूर होतात, त्यात बऱ्याच कंपन्यांत अप्रेझलची, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाची आणि पगारवाढीची लेटरं आणि बोनस याच सुमारास हातात पडतात आणि ज्यांना जायचंच असतं ते तेव्हाच पेपर टाकतात (राजीनामा देतात), म्हणजे त्यांच्याही जागा रिकाम्या. शिवाय तुमच्याबरोबरचे कितीतरी उमेदवार आंबे खायला गावी गेलेले असतात, त्यामुळे गर्दी कमी. पुढे टीवायचे (पदवीच्या शेवटच्या वर्षाचे) निकाल लागले की फ्रेशर्सचे लोंढे येतात, म्हणून ज्यांचा अनुभव वर्ष-दोन वर्षांचाच आहे त्यांनी तर त्याआधीच उरकावं.

रेझ्युमेला हात लावायच्या आधी स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर शोधून काढा आणि नोटीस पिरियड बघा, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागतं. ३०, ६० की ९० दिवस? रिक्रूटर फोनवर बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांतच हे विचारतो. नोटीस बायआउट (पैसे भरून लवकर सुटायची सोय) आहे का, शिल्लक रजा त्यात वळत्या होतात का, आणि बोनस घेतल्यावर अमुक महिन्यांत सोडलं तर तो परत द्यावा लागेल अशी ओळ कुठे आहे का, हे सगळं नीट वाचा, कारण ही ओळ बऱ्याचदा बोनसच्या लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात असते.

मग कॅलेंडर काढून उलटं मोजा. मेच्या शेवटी पेपर टाकला आणि ९० दिवस धरले तर जॉइनिंग ऑगस्टच्या शेवटाला पडतं, म्हणजे गणपतीच्या तोंडावर, आणि नवीन जागी प्रोबेशनमध्ये आठवडाभर रजा मागायची लोकांना भीती वाटते. कोकणात घरचा गणपती असेल तर हे ऑफर लेटर यायच्या आधीच एचआरला सांगा आणि मेलवर लिहून घ्या. आधी सांगितलं की सहसा कोणी अडवत नाही, जॉइन झाल्यावर मागितलं की तोंडं वाकडी होतात. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तिकीट तुम्हाला जुन्या नोकरीत असतानाच काढावं लागणार, तेही धरून चाला.

आता शोधायचं कसं. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर प्रोफाइल दर दोन-चार दिवसांनी थोडं तरी बदलत राहा, अगदी एक ओळ बदलली तरी चालेल, कारण रिक्रूटर अलीकडे अपडेट झालेली प्रोफाइल्स आधी बघतात. ठिकाणात फक्त मुंबई लिहू नका, ठाणे आणि नवी मुंबईही टाका, नाहीतर ऐरोली, महापे, वागळे इस्टेटच्या जागा तुम्हाला दिसणारच नाहीत. पण माझा सगळ्यात जास्त विश्वास रेफरलवर आहे. जुन्या ऑफिसातले जे सोडून गेलेत त्यांना सरळ फोन करा, लाजू नका, बऱ्याच कंपन्या रेफर करणाऱ्याला पैसे देतात त्यामुळे त्याचाही फायदाच असतो. नुसतं ‘काही असेल तर सांग’ म्हणू नका, कुठली पोस्ट, किती अनुभव, किती दिवसांत येऊ शकता, हे चार ओळींत लिहून द्या म्हणजे तो तसंच पुढे ढकलू शकतो.

मेमध्ये उत्तरं उशिरा येतात, मॅनेजर सुट्टीवर असतो, दोन राउंड झाल्यावर दहा दिवस काहीच कळत नाही, त्याचा अर्थ नकार असा काढू नका. आठवड्याने एक साधा मेल टाका.

इंटरव्ह्यूसाठी शक्यतो सकाळचा स्लॉट मागा. दुपारी तीनला लोअर परळ स्टेशनवरून चालत गेलात तर शर्ट अंगाला चिकटलेला आणि डोकं बधिर. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) आता मेट्रो ३ चं स्टेशन आहे, तुमच्या बाजूने जमत असेल तर कुर्ला-वांद्र्याच्या रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं. व्हिडिओ कॉल असेल आणि घरात मुलांना सुट्टी असेल तर आधीच शेजारच्यांकडे तासभर सोय करा, पंखा हळू करा, इयरफोन लावा.

ऑफर घ्यायच्या आधी एकदा गर्दीच्या वेळेला घरापासून त्या ऑफिसपर्यंत जाऊन बघा, प्लीज हे कराच. डोंबिवलीच्या माणसाला थोडा कमी पगार देणारी ऐरोलीची नोकरी ठाण्याला गाडी बदलूनही अंधेरीच्या नोकरीपेक्षा परवडू शकते, आणि हे जून-जुलैत सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की जास्त कळतं. जोराच्या पावसात घरून काम चालतं का, हेही आताच विचारा.

पैशाचं बोलताना सीटीसीवर (कंपनीला तुमच्यावर वर्षाला होणारा एकूण खर्च) जाऊ नका, हातात किती येणार ते विचारा. सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी कधी इन्शुरन्सचा हप्ता आणि व्हेरिएबलही (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) धरलेलं असतं. महिन्याच्या पगाराचा ब्रेकअप (कशाचे किती, किती कापणार) मेलवर मागा, मागणं हा तुमचा हक्क आहे.

सुट्टीत कॉलेजच्या मुलांना आणि घाईत असलेल्यांना फसवणारेही भरपूर फिरतात. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, टेलिग्रामवरची टास्क, नोकरीसाठी कोणीही आधी पैसे मागितले की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तास दोन तासही वाया घालवू नका.

लेटर हातात आल्याशिवाय पेपर टाकू नका, तोंडी ‘झालंय तुमचं’ यावर तर नाहीच. सोडताना रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा घ्या, १५ जूनच्या आसपास फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट) मिळतो तोही ठेवा, आणि जुन्या कंपनीने पीएफमध्ये तुमची एक्झिट डेट भरली का ते बघा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा, पाच वर्षं सलग पूर्ण व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो. एप्रिलपासून जुन्या जागी मिळालेल्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा आकडा नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोन्हीकडे सवलत धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. आणि हो, इंटरव्ह्यू सुरू असतील तोवर लोकलचा पास तिमाही न काढता महिन्याचाच काढा.