सांध्यांचे प्रकार पाठ आहेत, तरी उत्तर चुकतं? या चुका टाळा

उखळीचा, बिजागरीचा, खिळीचा, सरकता ही यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. घोळ होतो तो अवयवाचं नाव दिसताच त्यावर एकच शिक्का मारल्यामुळे. कोपर आणि गुडघा या जागा आहेत. सांधा ओळखायचा तर आधी विचारायचं, कोणतं हाड कोणत्या हाडाला भिडतंय?

‘कोपर म्हणजे बिजागरी’ हेच घ्या. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि तळहात उताणा-पालथा करा. दंड जागचा हलत नाही, तरी पंजा उलटतो. म्हणजे बिजागरीनं हे काम केलेलं नाही. ह्युमरस (दंडाचं हाड) आणि अल्ना (कोपराखालचं करंगळीकडचं हाड) यांचा सांधा बिजागरीचा, पण अल्नाला लागून रेडियसचं (अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं एका अस्थिबंधाच्या, म्हणजे हाडं बांधणाऱ्या पट्टीच्या, कड्यात गोल फिरतं, तो खिळीचा. शिवाय ह्युमरस रेडियसलाही टेकतोच. एकाच संपुटात, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीत, तीन सांधे!

गुडघ्याचंही तसंच. शाळेत ‘बिजागरी’ लिहून मार्क मिळतात, मिळू देत. पण खुर्चीत बसून टाच जमिनीवर टेकवा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. नडगी थोडी फिरताना हाताला जाणवते. शुद्ध बिजागरी असती तर हे जमलं नसतं. आकृतीत गुडघ्याच्या सांध्यात फिब्युलाही (नडगीचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) घुसवतात, तेवढं टाळा. तिथे मांडीचं हाड फक्त टिबियाला (नडगीच्या जाड हाडाला) आणि वाटीला भिडतं.

मान ‘हो’ म्हणून हलते ती कवटी आणि पहिल्या मणक्यातल्या सांध्यात, आणि ‘नाही’ म्हणून वळते ती मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यातल्या खिळीच्या सांध्यात. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे.

आता रचना. सायनोव्हियल, म्हणजे आत द्रव भरलेली पोकळी असलेल्या, सांध्याची आकृती काढताना पातळ अस्तराची रेघ सांध्याभोवती सगळीकडून फिरवली जाते. ते अस्तर संपुटाच्या आतल्या बाजूला असतं, हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेवर (कार्टिलेजच्या गुळगुळीत थरावर) नसतं. त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून होतं. म्हणून हा द्रव ‘फक्त वंगण’ असं लिहिणं अपुरं. अस्थिबंध हाडाला हाड बांधतो, स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो. ही अदलाबदल तर दरवर्षीची.

सगळ्यात जास्त गोंधळ दोन वर्गीकरणं एकमेकांत मिसळल्यानं होतो. तंतुमय, कूर्चामय, सायनोव्हियल हे रचनेनुसार. अचल, अल्पचल, चल हे हालचालीनुसार. एका यादीतला पहिला म्हणजे दुसऱ्या यादीतलाही पहिला, असं गृहीत धरू नका. कवटीच्या शिवणी तंतुमय आणि प्रौढांत अचल, पण टिबिया आणि फिब्युला यांचा घोट्याजवळचा सांधाही तंतुमय आणि तो किंचित हलतो. मणक्यांमधल्या चकतीचा सांधा कूर्चामय व अल्पचल, तर वाढत्या मुलांच्या लांब हाडांतला वाढीचा पट्टा कूर्चामय असूनही अचल. जबड्याचा सांधा कवटीलाच जोडलेला, तरी तो सायनोव्हियल आणि चल.

अंगठ्याचा खोगिरी सांधाही बरेच जण चुकीच्या पेरावर दाखवतात. तो मनगटालगत, अंगठ्याच्या अगदी मुळाशी असतो. त्याच्या वरचे दोन्ही सांधे वेगळ्या प्रकारचे.