प्रतापगंजमध्ये कुत्रे फिरवायचे, तर आधी गल्ली ओळखा

बडोद्यात नवीन आलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात, कुत्र्यांची आवड आहे, हाताशी वेळ आहे, तर फिरवायचं किंवा मालक गावाला गेले की सांभाळायचं काम मिळेल का. मिळतं हो. प्रतापगंज, फतेहगंज आणि युनिव्हर्सिटीच्या आजूबाजूला जुने बंगले आहेत, मोठाले वड नि कडुनिंब आहेत, आत आजी-आजोबा राहतात, मुलं अमेरिका-कॅनडात आणि त्यांनी हौसेनं आणलेला लॅब्रेडॉर मात्र इथेच. त्या लॅब्रेडॉरला आवरायची ताकद आजोबांच्या हातात राहिलेली नाही, तिथून काम निघतं.

कुत्र्याशी ओळख पटकन होते, गल्लीशी व्हायला वेळ लागतो. काम घ्यायच्या आधी काही दिवस कुत्र्याशिवाय त्याच वेळेला त्याच रस्त्यानं एकटे चालून बघा, कुठल्या कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची कुठली टोळी बसते, कोण कधी खायला घालतं. इथे गायीची आणि कुत्र्याची रोटली काढायची पद्धत घराघरात आहे, त्यामुळे रस्त्यावरचे कुत्रे खाऊनपिऊन धष्टपुष्ट आणि आपल्या हद्दीबद्दल भलतेच हळवे. खाणं घालायच्या वेळी तिथून पाळलेला कुत्रा न्यायचाच नाही. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालीये असं समजा, पण म्हणून तो भुंकणार नाही असं नाही. समोरून टोळी आली तर पट्टा आखूड धरायचा, पळायचं नाही, आरडाओरडा नाही, सरळ रस्ता ओलांडून पलीकडे. आणि चावलंच कोणी, पाळलेलं असो की रस्त्यावरचं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं. सयाजी हॉस्पिटल, म्हणजे इथे सगळे ज्याला एसएसजी म्हणतात ते, जवळच आहे. हळद-मिरची लावणारे सल्लागार भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे निघा.

आता कमाटीबाग. कागदोपत्री सयाजीबाग, पण ते नाव रिक्षावाल्याला सांगू नका, कमाटीबागच म्हणा. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी केलेली ही बाग सगळ्यांना बघायला आवडते, मलाही, पण आत झू आहे, गर्दी आहे, पोरं पळत असतात, कुत्रा फिरवायची ती जागा नव्हे. दुसरं म्हणजे विश्वामित्री नदी बागेतूनच वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. एखाद-दुसरी नाही, शेकडो. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना ही थाप वाटते. काठाच्या गवतात कुत्रा मोकळा सोडायचा नाही, पाणी प्यायला खाली उतरू द्यायचं नाही, हिवाळ्यात तर त्या उन्हं खात काठावरच पडलेल्या असतात. पावसाळ्यात काळा घोड्याच्या पुलाशी पाण्याची पातळी किती झाली हे अख्खं बडोदं विचारत असतं, २६ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, त्यामुळे पाणी ओसरल्यावरही तुंबलेल्या डबक्यांपासून लांबच राहा. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लस झालीये का हे मालकाला पूर आल्यावर नाही, जूनच्या आधीच विचारायचं.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवून परत, संध्याकाळी रस्ता निवल्यावरच. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही नाही. हस्की पाळणाऱ्यांबद्दल माझी मतं आहेत, ती इथे नको. घरी आलं की बोटांच्या मध्ये, कानात गोचीड बघायची सवय लावा, झाडीच्या भागात त्या फार. आणि उत्तरायणाचा मांजा! १४-१५ जानेवारीला पतंग उडतात पण दोरा झाडांवरून पुढे कितीतरी दिवस लोंबत असतो, पायात नाहीतर गळ्यात अडकतो, खिशात छोटी कात्री ठेवाच.

माणसांचं म्हणाल तर, समोरून येणारी प्रत्येक बेन 'करडशे?' विचारणार, म्हणजे चावेल का. हसून पट्टा जवळ घ्यायचा, 'नहीं करडे' म्हणून कुत्रा पुढे करायचा नाही. शी उचलायला जुना पेपर नाहीतर पिशवी जवळ हवीच, वॉचमन बघत असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलेलं असतं. सोसायटीवाले 'कुत्रे चालणार नाहीत' म्हणाले तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची गाईडलाईन आहे, बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टलाही मनाई करता येत नाही. पण ते छापून घेऊन भांडायला जायच्या आधी सेक्रेटरीकाकांकडे एकदा चहाला जाऊन या.

खाण्याचं आधी विचारून घ्या. बरीच घरं शाकाहारी आहेत, कुत्रासुद्धा दहीभात नि रोटलीवर वाढलेला. प्रेमानं अंडं घालाल तर कुत्रा खूश, पण मालकीणबाई तुम्हाला परत बोलावणार नाहीत, आणि कुत्र्याचं पोट बिघडेल ते वेगळं.

सगळ्यात जास्त मागणी दिवाळीत. धनतेरसपासून लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, अर्धं शहर फिरायला गेलेलं असतं आणि नेमके तेव्हाच फटाके, म्हणजे काम सगळ्यात अवघड असतं तेव्हाच मिळतं. त्या दिवसांत गळ्यात कॉलर आणि छातीभोवती हार्नेस, दोन्ही घाला, पट्टा दोन्हीला अडकवा, कारण घाबरलेला कुत्रा कॉलरमधून डोकं सहज काढून घेतो. फिरवणं अंधार पडायच्या आत उरकायचं, रात्री खिडक्या लावून आतल्या खोलीत त्याच्याजवळ बसायचं. मालक निघायच्या आधी एक-दोनदा त्यांच्याबरोबरच फिरवून घ्या. लसीचं कार्ड, डॉक्टरांचा नंबर, अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर पैशांचा निर्णय कोण घेणार, दुसरी किल्ली कुणाकडे, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, तोंडी नको. लाभपाचमपर्यंत काही दवाखानेही बंद असतात, तेव्हा उघडा कुठला हे आधीच शोधून ठेवा. रस्त्यावरचा कुत्रा जखमी दिसला तर १९६२ ला फोन करा, करुणा अ‍ॅम्ब्युलन्स येते, पण ती पाळीव कुत्र्यासाठी नाही.